छत्तिसाव्या वर्षी अपूर्णांकांच्या वर्गात बसावं का?

पत्र

माझं वय ३६. राहायला सिडकोत. बारावी कॉमर्स केलं, गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं. निकाल लागला आणि लगेच लग्न झालं. आता ओझरजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर आहे. यंदा धीर करून बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. कॉलेजने एक छोटी चाचणी घेतली आणि मला ‘पायाभूत अंकगणित’ हा वर्ग करायला सुचवलं. जुलै-ऑगस्टमध्ये, शनिवार-रविवार सकाळी. पूर्ण संख्या, अपूर्णांक आणि दशांश. सक्ती नाही, गुण पदवीत धरणार नाहीत, फी मात्र वेगळी.

चाचणीत २/३ + ३/४ असं गणित होतं. मी ५/७ लिहिलं. घरी आल्यावर सहावीतल्या मुलाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, “आई, तुला हेही येत नाही?” सासूबाई म्हणाल्या, “नाव कॉलेजचं आणि शिकायचं चौथीचं.” मिस्टर म्हणतात, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, कशाला पैसे घालवतेस. अठरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींत बसून भागाकार करायचा या विचारानेच मला लाज वाटते. कामावर मात्र माझा हिशेब चुकत नाही. मग कागदावरच असं का होतं? वर्ग सोडून थेट बी.कॉम.चा अभ्यास सुरू करू का?

– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर

ताई,

वर्ग करा. कारणं पुढे सविस्तर सांगते, पण फी भरायची मुदत जवळ आली असेल तर हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी ती भरून टाका.

कामावर चुकत नाही, मग कागदावरच का चुकतं, असं तुम्ही विचारलंत. मी बरीच वर्षं गणित शिकवलं आहे, आणि हा प्रश्न विचारणारी माणसं फार थोडी भेटली. बहुतेक जण ‘आपल्याला गणित येत नाही’ एवढं म्हणून विषय संपवतात. तुम्ही स्वतःच्या दोन हिशेबांतला फरक ओळखलात. तुमचा पुढचा सगळा अभ्यास या फरकावरच उभा राहणार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही ५/७ लिहिलंत कारण वरचे दोन आणि तीन मिळून पाच झाले, खालचे तीन आणि चार मिळून सात. पूर्ण संख्यांची बेरीज करताना हाताला जी सवय लागते तीच इथे चालली. आता हीच बेरीज पॅकहाऊसमधल्या नजरेने बघा. दोन पनेट (द्राक्षांचे छोटे डबे) आणि तीन क्रेट मिळून पाच काय होतात? पाच पनेटही होत नाहीत आणि पाच क्रेटही होत नाहीत. दोन्हीचे किलो केल्याशिवाय तुम्ही रजिस्टरला बेरीज मांडणारच नाही. अपूर्णांकात छेद हा वाटा केवढा आहे ते सांगतो आणि अंश तसे वाटे किती आहेत ते सांगतो. तृतीयांश आणि चतुर्थांश हे वेगवेगळ्या मापाचे वाटे आहेत. दोघांनाही लागू पडेल असं माप शोधायचं, आणि ते आहे बारावा भाग. १/३ म्हणजे ४/१२, म्हणून २/३ म्हणजे ८/१२. १/४ म्हणजे ३/१२, म्हणून ३/४ म्हणजे ९/१२. आठ आणि नऊ सतरा. उत्तर १७/१२, म्हणजे एक पूर्ण आणि वर ५/१२. शाळेत समच्छेद करा, लसावि काढा असं सांगतात, त्यामागे एवढंच असतं. हे ‘एवढंच’ वर्गात कुणी सांगितलं नाही तर लसावि हा एक मंत्र होऊन बसतो आणि परीक्षा झाली की विसरला जातो.

आता अंदाजाचं बघा. २/३ अर्ध्याहून जास्त आहे. ३/४ सुद्धा अर्ध्याहून जास्त आहे. दोन्हींची बेरीज एकपेक्षा मोठीच यायला हवी, आणि ५/७ तर एकपेक्षा लहान आहे. अर्ध्याहून जास्त भरलेले दोन क्रेट एकाच क्रेटमध्ये मावतील का, असं कुणी कामावर विचारलं असतं तर तुम्ही लगेच ‘नाही’ म्हणाला असता. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कामावर आकड्यामागे माल दिसतो, म्हणून चुकीचं उत्तर मनाला खटकतं. कागदावर फक्त आकडे उरतात, आणि खटकणारं काही समोर राहत नाही. हिशेब करायची तुमची बुद्धी शाबूत आहे. कागदावरच्या आकड्याकडे बघताना तो केवढा आहे हे मनात आणायचं राहून जातं. ते शिकता येतं, आणि दोन महिने त्यासाठी पुरेसे आहेत.

याला ‘चौथीचं गणित’ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शालेय गणितात मुलं सगळ्यात जास्त अडखळतात ती अपूर्णांकांवर, कारण तोवर शिकलेलं बरंच काही इथे उलटं वागतं. पूर्ण संख्यांत ८ हा ५ पेक्षा मोठा. पण १/८ हा १/५ पेक्षा लहान. पूर्ण संख्यांत गुणलं की संख्या वाढते असा अनुभव असतो. १/२ ला १/२ ने गुणलं की १/४ होतो, म्हणजे कमी झालं. भागलं की कमी होतं असं वाटत असतं. ३/४ ला १/८ ने भागलं की ६ येतात. पाचनंतर सहा येतो हे पक्कं ठाऊक असतं. पण १/५ नंतर लगेच कोणता अपूर्णांक येतो याला उत्तरच नाही, कारण कोणत्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये आणखी अपूर्णांक असतातच. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे सगळं एका सत्रात पचवायला सांगतात. ज्याला कुणी थांबून समजावलं नाही तो नियम पाठ करतो आणि पुढे जातो. तुमच्या वर्गातही हेच झालं असणार. दहावीपर्यंत नियमांवर निभावलं, अकरावीत एसपी मिळाल्यावर गणित सुटलं. तुमच्यासारखे हजारो जण असे सुटून आलेले आहेत.

त्या ३/४ ÷ १/८ चं उत्तर ६ कसं आलं, हे शिक्षकांना नक्की विचारा. ‘दुसरा उलटा करून गुणायचं’ एवढ्यावर समाधान मानू नका. पाऊण किलो चहा पावडरचे अर्धा-अर्धा पावाचे पुडे बांधायचे तर किती होतील? अर्धा पाव म्हणजे १२५ ग्रॅम, पाऊण किलो म्हणजे ७५० ग्रॅम, सहा पुडे. एका किलोत अर्ध्या पावाचे आठ पुडे होतात, मग पाऊण किलोत आठाचे पाऊणपट. म्हणजे १/८ ने भागणं आणि ८ ने गुणणं एकच झालं. उलटा करून गुणायचा नियम इथूनच येतो.

आणि हे गणित तुम्ही करत आलेल्याच आहात. अठ्ठेचाळीस रुपये किलोची गवार पाऊण किलो घेतली तर तुम्ही कागद काढत नाही. अर्ध्याचे चोवीस, पावाचे बारा, झाले छत्तीस. तुम्ही ४८ ला ३/४ ने गुणलंत, तेही ३/४ चे १/२ आणि १/४ असे दोन भाग पाडून. परीक्षेत ही पद्धत कुणी शिकवली असती तर तिला मोठं नाव दिलं असतं. वर्गात अपूर्णांकाचा गुणाकार आला की आधी असा तोंडी सोडवा, मग कागदावरच्या रीतीने सोडवा, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते बघा. पहिल्या आठवड्यातच कागदाची भीती कमी होईल.

सासूबाईंच्या बोलण्याचं वाईट वाटलं असेल, वाटणारच. पण त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी एक करून बघा. त्यांना, किंवा त्यांच्याहून मोठं कुणी असेल तर त्यांना, पावकी-निमकी येते का विचारा. जुन्या शाळांत बे एके बे सोबत अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनची औटकी. सतरा पाव किती, तेवीस दीड किती, हे ती माणसं मान वर न करता सांगत. ज्यांना येतं त्यांच्याकडून पावकी आणि पाऊणकी ऐकून वहीत उतरवून घ्या. अभ्यासाला उपयोग होईल, आणि घरात जिला तुम्ही काय शिकताय ते कळतं अशी एक व्यक्ती तयार होईल.

त्या पिढीच्या हिशेबात आणखी एक गंमत होती, आणि ती दशांश समजायला कामाला येते. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै, म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. रुपयाचा तिसरा हिस्सा काढायचा तर ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै, अगदी नेमका. आता शंभर पैशांचे तीन सारखे हिस्से करा: ३३ पैसे, आणि उरलेला एक पैसा पुन्हा तिघांत, पुन्हा उरलेलं पुन्हा तिघांत. म्हणून १/३ चं दशांश रूप ०.३३३… असं संपतच नाही. दशांश म्हणजे दहा, शंभर, हजार असेच छेद वापरायचे असं ठरवलेले अपूर्णांक. दहाचे मूळ अवयव २ आणि ५. अपूर्णांकाला संक्षिप्त रूप दिल्यावर छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव नसेल तर दशांश कुठेतरी संपतो: १/४ चा ०.२५, १/८ चा ०.१२५, ३/२० चा ०.१५. छेदात ३, ७, ११ असं काही आलं की तो संपत नाही. हे एवढं कळलं की कोणतं गणित दशांशात सोडवावं आणि कोणतं अपूर्णांकातच ठेवावं याचा निर्णय तुमचा तुम्हाला घेता येईल.

आणि इथेच तुमच्या मिस्टरांच्या कॅल्क्युलेटरची गोष्ट येते. बारावीत बुक-कीपिंगला भागीदारीचे हिशेब केले असतील, बी.कॉम.लाही ती भागीदारी सुटत नाही. समजा दोन भागीदारांचं नफ्याचं प्रमाण २:१ आहे. तिसरा भागीदार आला आणि नवं प्रमाण २:१:१ ठरलं. जुन्या दोघांनी किती-किती हिस्सा सोडला ते काढायचं. पहिल्याचा २/३ − १/२, म्हणजे १/६. दुसऱ्याचा १/३ − १/४, म्हणजे १/१२. त्यागाचं प्रमाण २:१. अपूर्णांक येत असतील तर दोन ओळींत संपलं. हेच कॅल्क्युलेटरवर केलंत तर ०.१६६६६६७ आणि ०.०८३३३३३ असं काहीतरी समोर येईल, आणि त्यातलं प्रमाण बघता क्षणी दिसणार नाही.

दुसरं उदाहरण द्यायलाच हवं, कारण ते घरीच करून बघता येतं. साध्या, दुकानात असतो तशा कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ दाबा. उत्तर २० येईल. मोबाइलवर तेच दाबा, १४ येईल. बरोबर १४ आहे, कारण गुणाकार आधी करायचा असतो. साधं यंत्र मात्र आकडे येतील तसे उरकत जातं. कोणतं उत्तर खरं हे माणसालाच माहीत असावं लागतं. शाळेत यासाठी ‘कंचेभागुबेव’ पाठ केलेलं आठवत असेल. त्यातली एक खोच मात्र पाठ करणाऱ्यांना बहुधा सांगितली जात नाही. शेवटचं ‘बेव’ म्हणजे बेरीज नेहमी वजाबाकीच्या आधी, असं धरलं तर गणित चुकतं. १० − ४ + ३ मध्ये आधी बेरीज केली तर १० − ७, म्हणजे ३ येतील. बरोबर उत्तर ९ आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीच्या, डावीकडून जी आधी येईल ती आधी. वर्गात हा भाग येईल तेव्हा हे उदाहरण आठवणीने मांडा.

जीएसटीतही असंच. करासह ११८० रुपये किंमत असलेल्या वस्तूवर १८ टक्के जीएसटी असेल तर मूळ किंमत किती? पुष्कळ जण कॅल्क्युलेटर घेऊन ११८० चे १८ टक्के काढतात, २१२.४० येतात, ते वजा करून ९६७.६० सांगतात. मूळ किंमत १००० आहे. ११८० ला १.१८ ने भागायचं असतं, कारण ते अठरा टक्के हजारावर लागलेत, अकराशे ऐंशीवर नाहीत. यंत्राने बेरीज-वजाबाकी अचूकच केली होती. काय करायचं ते सांगणाऱ्याला टक्का कशाचा आहे हे दिसलं नव्हतं. कॅल्क्युलेटर जरूर वापरा, पण उत्तर पडताळायला, आणि अंदाज आधी मनाशी करून ठेवल्यावर.

दशांशात तुम्ही इतरांच्या पुढे असाल, कारण दिवसभर वजनकाटा समोर असतो. काट्यावरचे ०.४९० आणि कागदावरचे ०.४९ एकच, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही. ४.५ किलोच्या पेटीत अर्ध्या किलोचे नऊ पनेट बसतात हेही नाही, ते ४.५ ÷ ०.५ झालं, आणि कागदावर दोन्हीकडे दहाने गुणून ४५ ÷ ५ केलं की संपतं. पण काट्यासमोर कधीच न चुकणारी माणसं परीक्षेत ०.५, ०.४५ आणि ०.१२५ यांत सगळ्यात मोठा ०.१२५ असं लिहून येतात, कारण तो जास्त आकड्यांचा दिसतो. अशा वेळी शेपटाला शून्यं लावून सगळे सारख्या लांबीचे करा: ०.५००, ०.४५०, ०.१२५. तुमच्या काट्यावर ते तसेच दिसतात. गुणाकारातही अपूर्णांक आठवा. ०.४ × ०.३ चं उत्तर १.२ वाटतं, पण ४/१० गुणिले ३/१० म्हणजे १२/१००, उत्तर ०.१२.

आणि एक गोष्ट सुपरवायझर म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, कारण हिच्यामुळे लोकांच्या पगारातले पैसे जातात. टिंब दिसलं की ते दशांश चिन्हच असेल असं नाही. क्रिकेटमध्ये ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू, म्हणजेच साडेचार षटकं. उंची ५.६ लिहितात ती पाच फूट सहा इंच, म्हणजे साडेपाच फूट. आणि पावणेदोन तासांचा ओव्हरटाइम बऱ्याच ठिकाणी १.४५ असा लिहिला जातो. तासाला ८० रुपये धरून १.४५ ने गुणलं तर ११६ रुपये होतात. खरे तास १.७५, रक्कम १४० रुपये. एका बाईचे एका दिवसाचे २४ रुपये असे जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तुमच्या रजिस्टरमध्ये मिनिटं कशी मांडतात ते उद्याच बघा.

पूर्ण संख्यांचा भाग सोपा म्हणून सोडू नका, पण त्यावर फार वेळही घालवू नका. अडचण बहुतेक शून्याशी असते. ४००६ मधून १२३८ वजा करताना दोन शून्यांवरून उसने आणायचे असतात, तिथे हात अडखळतो, उत्तर २७६८. ३६२४ ला १२ ने भागताना मधलं शून्य गळतं आणि ३०२ ऐवजी ३२ लिहिलं जातं. ३६०० ला १२ ने भागलं तर ३०० येतात एवढा अंदाज मनात असेल तर ३२ लिहिताच चूक दिसेल. निर्यातीच्या कागदांवर स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांवर असतात हे तुम्ही पाहिलं असेल; आपले साडेबारा लाख १२,५०,००० आणि तिकडचे १,२५०,००० एकच. बारापर्यंतचे पाढे मात्र पुन्हा पक्के करा. लसावि शोधताना, अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देताना ते पदोपदी लागतात, आणि पाढा आठवण्यात डोकं अडकलं तर मूळ गणिताकडे लक्ष राहत नाही.

लाजेबद्दल. त्या वर्गात बसणारी अठरा वर्षांची मुलं त्याच चाचणीतून आली आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांनीही ५/७ लिहिलं असणार. तुमच्यापेक्षा त्यांची अवस्था अवघड आहे, कारण ते पनेटशी खेळलेले नाहीत आणि रोजंदारीचा हिशेब त्यांनी कधी केलेला नाही. शिक्षकांनी ‘पाऊणपट’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काहीतरी येईल, त्यांच्या येईलच असं नाही. आणि वयाचं म्हणाल तर आपल्या नाशिकमध्येच १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. नोकरी-संसार सांभाळून, तुमच्याहून मोठ्या वयात पदवी घेतलेली माणसं या शहरात शोधायला लांब जावं लागत नाही. पहिल्या बाकावर बसा. मागे बसलं की प्रश्न विचारायचा राहून जातो.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून भागेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मिस्टर सुचवतीलच. वर्गात झालेला भाग दुसऱ्यांदा बघायला ते चांगले असतात. तुमच्या वहीतली तुमची चूक मात्र व्हिडिओला दिसत नाही, आणि तुम्हाला गरज आहे ती कुणीतरी वहीत डोकावून ‘हे असं का केलंत?’ विचारण्याची. फी त्यासाठीच आहे.

वेळेचा विचारही करा. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जानेवारीत माल सुरू झाला की एप्रिलपर्यंत तुम्हाला रविवारसुद्धा मिळणार नाही. बी.कॉम.च्या पहिल्या परीक्षा कुठल्या महिन्यात येतात तेही कॉलेजमध्ये विचारून घ्या. पाया नीट करायला जुलै-ऑगस्टइतके मोकळे दिवस वर्षात पुन्हा येत नाहीत. रोज अर्धा तास, वहीत, पेनाने. खोडरबर वापरू नका. चुकलेलं गणित एका रेघेने खोडा आणि शेजारी बरोबर लिहा, म्हणजे आपण कुठे चुकतो ते महिन्याभराने मागे वळून बघता येतं. प्रत्येक गणिताच्या आधी समासात अंदाज लिहा: एकपेक्षा मोठं की लहान, शंभराच्या जवळ की हजाराच्या. वेगळं पुस्तक विकत घ्यायची गरज नाही. बालभारतीच्या पाचवी-सहावीच्या पुस्तकांत अपूर्णांक आणि दशांश आहेत, आणि सहावीचं पुस्तक तर तुमच्या घरातच आहे.

मुलाचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, पण सोडूनही देऊ नका. त्याला शिक्षक करू नका. आईला शिकवताना मुलाला उत्तर सांगायची घाई होते आणि आईला हार मानायची. त्याच्या पुस्तकातलं एकच गणित दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत सोडवा आणि मग त्याला विचारा, “तू छेद सारखे का केलेस?” नियम बहुतेक त्यालाही फक्त पाठ असेल. त्याला सांगता आलं नाही तर हसू नका, पनेट आणि क्रेटचं सांगा.

पहिल्या तासाला जाण्याआधी ही पाच गणितं कॅल्क्युलेटर न घेता सोडवा. ५००३ − २४६७. मग ४८३६ ÷ १२. ०.६, ०.५८ आणि ०.२७५ लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लिहा. ५/६ − ३/४. आणि शेवटचं २.४ ÷ ०.०६. उत्तरं मी मुद्दाम देत नाही. पाचही गणितांपुढे आधी अंदाज लिहा, मग सोडवा, आणि तो कागद पहिल्या दिवशी शिक्षकांच्या हातात द्या. शेवटच्या दोन्हींपैकी एखादं चुकलं तर अपूर्णांक आणि दशांशाचे आठवडे सुरू असताना एकही तास बुडवू नका. पॅकहाऊसमध्ये त्या शनिवारांची सुट्टी आत्ताच मागून ठेवा.